आठव्या गड्याची वाट

‘नॉस्टॅल्जिया’साठी मराठीत ‘स्मरणरंजन’ हा शब्द रुळला आहे. शब्द सुबक आहे. पण त्यातल्या ‘रंजना’ने मूळ शब्दातली वेदना झाकून टाकली. १६८८ मध्ये योहान्नेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला, तेव्हा ते एका आजाराचे नाव होते. परमुलखात राहणाऱ्या स्विस माणसांना घराच्या ओढीने हा आजार जडतो, असे त्याचे निदान होते. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमचे जुने खेळाडू गिल्डच्या लढायांविषयी जे बोलतात, ते समजून घ्यायला होफरचा अर्थ अधिक उपयोगी पडतो. या आठवणींत रंजन थोडे आणि ठणका फार आहे. दुखते खरे, पण बोट मात्र चुकीच्या जागी ठेवले जाते, असे मला वाटते.

त्यासाठी एकच खेळ जवळून पाहू. अमेरिकेतल्या अरीनानेट या कंपनीचा ‘गिल्ड वॉर्स’ २८ एप्रिल २००५ रोजी बाजारात आला. गिल्ड म्हणजे खेळाडूंनी स्वतः उभारलेला, स्वतःचे नाव आणि चिन्ह असलेला संघ. एका खात्याला एका वेळी एकाच गिल्डचे सदस्य होता येई. ‘गिल्ड विरुद्ध गिल्ड’ हा या खेळातला मानाचा प्रकार. दोन्ही बाजूंना आठ-आठ गडी. रणांगण म्हणजे दोहोंपैकी एका गिल्डचे स्वतःचे ‘गिल्ड हॉल’. प्रत्येक बाजूच्या तळात संगणकाने चालवलेला एक ‘गिल्ड लॉर्ड’ उभा असे आणि शत्रूचा लॉर्ड मारला की लढाई जिंकली. वरच्या क्रमांकाच्या गिल्डांच्या झुलीला सोनेरी, रुपेरी वा ब्राँझची किनार मिळे. २००६ मध्ये तैपेईला जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धाही झाली.

या प्रकाराची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. पात्राची कमाल पातळी विसावरच थांबत असल्याने आणि थेट त्या पातळीचे पात्र तयार करता येत असल्याने, महिनोन् महिने जमवलेल्या हत्यारांवर निकाल ठरत नसे. प्रत्येकाला शेकडो कौशल्यांतून फक्त आठ निवडून मैदानात उतरावे लागे. एकट्याची आठ कौशल्ये अर्थातच अपुरी. आठ जणांची चौसष्ट मिळून एक डाव तयार होई. मैदानाच्या मध्यावर आपला ध्वज काही काळ टिकवला, तर साऱ्या संघाचे बळ वाढे. त्यासाठी एकाने तळापासून मध्यापर्यंत ध्वज घेऊन पळायचे. ध्वज हाती असताना त्याला शस्त्र चालवता येत नसे. म्हणजे लढाईच्या खेळात एक गडी बराच वेळ न लढता धावत राही, आणि बऱ्याचदा त्याच्याच धावण्यावर निकाल ठरे. जखमा भरून काढणारे ‘मंक’ही तसेच. ते कुणाला मारत नसत. पण त्यांच्यावाचून संघ मैदानात उतरूच शकत नसे. बिनचमकीच्या कामाला इतके वजन देणारी रचना दुर्मीळच.

‘गिल्ड वॉर्स २’ ऑगस्ट २०१२ मध्ये आला तेव्हा हा प्रकार त्यात नव्हता. त्याऐवजी पाच-पाच जणांची, जागा काबीज करण्याची स्पर्धा होती. एका खात्याला आता पाच गिल्डांत राहता येऊ लागले. खेळाचे नाव ‘गिल्ड वॉर्स’, आणि त्यात गिल्डांचे युद्धच नाही! खेळाडूंनी मग मोठ्या सामूहिक युद्धाच्या नकाशावर एखादा कोपरा गाठून, आपसांत वेळ ठरवून गिल्डांच्या लढती लावल्या. २०१५ च्या ‘हार्ट ऑफ थॉर्न्स’ या विस्तारात शत्रूच्या लॉर्डला मारण्याचा ‘स्ट्राँगहोल्ड’ हा प्रकार आला. पण पाच-पाच जणांच्या मूळ स्पर्धेची जागा त्याला घेता आली नाही. जुन्या खेळाडूंची तक्रार इथूनच सुरू होते: कंपनीने आमचा खेळ मारला.

ही तक्रार अर्धीच खरी आहे. दोन तळ, मधले मैदान, संगणकाचे सैनिक आणि शेवटी शत्रूच्या गाभ्यावर घाव, हा आकृतिबंध मेलेला नाही. ‘लीग ऑफ लेजंड्स’ (२००९) आणि ‘डोटा २’ (२०१३) या अफाट लोकप्रिय खेळांत तो थोड्याफार फरकाने नांदतो आहे. हुरहुर केवळ या लढाईच्या प्रकाराची असती, तर ती तिथे शमायला हवी होती. ती शमत नाही. म्हणजे हरवले ते दुसरेच काही.

काय हरवले, याचा माग लढाईत लागत नाही. लढाईआधीच्या वेळात लागतो. ठरल्या वेळी सात जण गिल्ड हॉलमध्ये जमलेले असत आणि आठवा आलेला नसे. कुणी त्याला निरोप धाडी, कुणी कालच्या पराभवाची चिरफाड करी, कुणी आपली कौशल्ये पुन्हा लावून पाही. हा वेळ खेळाच्या हिशेबात वाया गेलेला. पण एखाद्याची वाट पाहिली जाते, याचा अर्थ त्याच्याजागी दुसरा कुणीही चालणार नाही असा असतो. नंतरच्या खेळांनी नेमकी हीच वाट पाहणे दुरुस्त केली. २००९ च्या अखेरीस ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने अनोळखी खेळाडूंची तुकडी आपोआप जुळवण्याची सोय आणली, आता बहुतेक स्पर्धात्मक खेळांत यंत्रच जोडीदार शोधून देते. खोळंबा संपला. पण ज्या गड्याची जागा कुणीही अनोळखी माणूस भरून काढू शकतो, त्याच्यावाचून कुणाचे अडत नाही. ज्याच्यावाचून अडत नाही, त्याचे नावही फारसे लक्षात राहत नाही.

इथवर मी जुन्या खेळाडूंच्या बाजूने आहे. पुढे नाही. कारण ज्या नियमाने हा जिव्हाळा घडवला, त्यानेच दारे बंद केली. आठ माणसे, रोज ठरलेली वेळ, हजाराहून अधिक झालेल्या कौशल्यांची जाण: ही प्रवेश-फी पैशांत नसली तरी जबर होती. त्याच खेळातल्या ‘हीरोज असेंट’ या शेजारच्या प्रकारात संघात घेण्याआधी दर्जा दाखवायला सांगत. दर्जा मिळायला संघ हवा आणि संघ मिळायला दर्जा! ज्याची संध्याकाळ स्वयंपाकात, पाळीच्या नोकरीत किंवा आजाऱ्याच्या उशाशी जाते, त्याला ‘रोज आठला’ हे जमणारे नव्हते. युरोपातल्या संध्याकाळी आठला भारतात मध्यरात्र झालेली असते, हेही आपण आठवावे. नवे गडी येईनात आणि जुन्यांचे संसार सुरू झाले, की आठाचा आकडा जुळणार कसा? एक गळाला तरी सात जण बसून राहत. ही रचना एका माणसाला जितके महत्त्व देते, तितकीच ती एका माणसाच्या जाण्याने कोसळते. कंपनीने दार लावून घेतले असेल. पण आतली गर्दी आधीच ओसरत चालली होती. आणि आठवणी सांगतात ते आत असलेले आठ जण. उंबऱ्यावरून परत फिरलेल्यांच्या आठवणी सांगायला कुणी नसतो.

मग जुना खेळ जसाच्या तसा परत आणला तर? हाही प्रयोग झाला आहे. २०१३ मध्ये ब्लिझार्ड कंपनीच्या जे. ॲलन ब्रॅक यांनी जुन्या सर्व्हरची मागणी ऐकून, तुम्हाला ते हवेसे वाटते पण खरे तर नको आहे, अशा आशयाचे उत्तर दिले होते. खेळाडू चिडले. २०१९ मध्ये त्याच कंपनीने ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ आणला आणि लोकांनी त्यावर उड्या घेतल्या. पण मूळ खेळात जो राक्षस पाडायला गिल्डांना महिने लागले होते, तो रॅग्नारोस इथे पहिल्याच आठवड्यात पडला. नियम परत आले. अज्ञान परत आले नाही. आणि एकमेकांची गरज भासण्यात अज्ञानाचाही मोठा वाटा असतो. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात नॉस्टॅल्जियाचे दोन प्रकार सांगितले: हरवलेले घर पुन्हा बांधू पाहणारा आणि हरवण्यावरच चिंतन करणारा. जुन्या खेळाडूंची मागणी पहिल्या प्रकारची आहे; तिच्यातला कस मात्र दुसऱ्या प्रकारात आहे.

म्हणूनच या हुरहुरीला म्हातारपणाची कुरकुर म्हणून झटकून टाकणे मला मान्य नाही, आणि तिला खेळाच्या आराखड्याची मागणी समजणेही. आपल्यावाचून अडत नाही अशा जागांत दिवस काढणाऱ्या माणसांची ती आजच्या रचनेवरची टीका आहे. खेळ बनवणाऱ्यांनी तिच्यातून जुना नकाशा उचलू नये. एक प्रश्न उचलावा. दार सताड उघडे ठेवूनही आत आलेल्याची कुणी वाट पाहील, असा खेळ रचता येईल का? तसा तो रचला जात नाही, तोवर ही माणसे आपल्या जुन्या ध्वजवाहकाचे टोपणनाव वीस वर्षांनीही अचूक सांगत राहतील आणि काल रात्री सोबत खेळलेल्या चौघांपैकी एकाचेही त्यांना आठवणार नाही.