मत आणि माहिती: आरोग्याच्या पुस्तकांमध्ये संपादक कुठे असतो?

आज आपल्याला एका पुस्तकाची चिकित्सा करायची आहे, पण नेहमीच्या अर्थाने नाही. त्याची मांडणी, छायाचित्रं, पाककृती यांबद्दल आपली काही तक्रार नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. हे पुस्तक वाचकाच्या हातात पडण्याआधी ज्यांच्या हातांतून गेलं, त्यांनी ते वाचताना नेमकं काय तपासलं?

पुस्तकाचं नाव ‘द होल पँट्री’. लेखिका बेल गिब्सन. पेंग्विनच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेने ते २०१४ साली काढलं. त्याआधी २०१३ मध्ये याच नावाचं मोबाइल ॲप आलं होतं आणि ते चांगलं गाजलं होतं. गिब्सन यांचं म्हणणं असं की २००९ मध्ये त्यांना मेंदूचा कर्करोग झाला, डॉक्टरांनी जेमतेम चार महिने दिले, मग त्यांनी रूढ उपचार सोडले आणि आहार व जीवनशैलीच्या बळावर त्या टिकून राहिल्या. मार्च २०१५ मध्ये ब्यू डोनेली आणि निक टोस्कॅनो या दोन वार्ताहरांनी एक साधी चौकशी केली. ज्या संस्थांना देणग्या दिल्याचं सांगितलं जातं, त्यांना पैसे मिळाले का? मिळाले नव्हते. तिथून धागा उसवत गेला. पुस्तक मागे घेतलं गेलं आणि एप्रिलमध्ये एका मासिकाला दिलेल्या मुलाखतीत गिब्सन यांनी आजार खरा नसल्याचं कबूल केलं. २०१७ मध्ये तिथल्या संघराज्य न्यायालयाने त्यांना ४ लाख १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. ‘अ‍ॅपल सायडर व्हिनेगर’ ही नेटफ्लिक्सवरची मालिका आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल, ती याच प्रकरणावर बेतलेली आहे.

मालिका बघून झाली की आपण म्हणतो, काय खोटारडी बाई! आणि विषय संपतो. पण खोटं बोलणारी माणसं जगात पूर्वीपासून आहेत. खोटं बोलायला एक माणूस पुरतो, ते छापायला संस्था लागते. म्हणून आपली चिकित्सा संस्थेची आहे.

अशा पुस्तकात तीन प्रकारची विधानं असतात, ती आधी वेगळी करू. पहिलं, ‘एवढं पीठ, एवढं पाणी, इतका वेळ भाजा.’ हे स्वयंपाकघरात तपासता येतं, आणि चांगले प्रकाशक पाककृती करून बघतातही. दुसरं, ‘अमुक पदार्थाने अमुक होतं.’ हे संशोधन वाचून किंवा जाणकाराला विचारून तपासता येतं. तिसरं, ‘मी आजारी होते, मी बरी झाले.’ इथे संपादक थबकतो. त्याला वाटतं, हा तर अनुभव आहे, तो कसा तपासणार?

इथेच गफलत आहे. वेदना खाजगी असते, निदान खाजगी नसतं. ‘मला बरं वाटतंय’ या वाक्याला आपण आव्हान देऊ शकत नाही. पण ‘मला मेंदूची गाठ होती’ हे अनुभवाचं वाक्यच नव्हे. त्यामागे एखादं रुग्णालय असतं, डॉक्टर असतो, तपासणीचा अहवाल असतो. ते वस्तुस्थितीबद्दलचं विधान आहे, फक्त ‘मी’ या सर्वनामाच्या आडोशाला उभं आहे.

पेंग्विनला हे प्रश्न सुचलेच नाहीत असंही नाही. पुस्तक येण्याआधी तिथल्या मंडळींनी गिब्सन यांना कॅमेऱ्यापुढे बसवून त्यांच्या आजाराबद्दल प्रश्न विचारले होते. ते चित्रीकरण पुढे सरकारी चौकशीनंतर जगासमोर आलं. पण ती माध्यमांना तोंड देण्याची तालीम होती. उद्या पत्रकार हे विचारतील, तेव्हा तुम्ही काय सांगाल? प्रश्न बरोबर होते, हेतू चुकीचा होता. उत्तर खरं आहे का, यापेक्षा उत्तर तयार आहे का, हे पाहिलं गेलं.

आपल्याकडे नैयायिकांनी शब्द हे प्रमाण मानलं, पण कुणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा शब्द. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट स्वतःला नीट माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे. वाचकाला लेखकाची ही परीक्षा घेता येत नाही. तो ओळख नसलेल्या माणसावर विश्वास ठेवतो, कारण मुखपृष्ठावर ओळखीच्या प्रकाशकाचं चिन्ह असतं. म्हणजे प्रकाशक कागद आणि शाई तर विकतोच, पण लेखकाचं आप्तत्वही विकतो. ज्याची किंमत घेतली, त्याची खात्री करून घ्यायला नको का?

२०१६ मध्ये पेंग्विनने मान्य केलं की छापण्याआधी पुरावा मागितला नव्हता. व्हिक्टोरिया राज्याच्या ग्राहक निधीत ३० हजार डॉलर भरले, तपासणीची पद्धत सुधारण्याची हमी दिली आणि नैसर्गिक उपचारांबद्दल दावे करणाऱ्या पुस्तकांवर ठळक इशारा छापण्याचंही कबूल केलं. यातली सुधारणेची हमी महत्त्वाची. इशाऱ्याबद्दल मात्र आम्हाला शंका आहे. इशारा वाचकाला सांगतो, तू सांभाळ. आणि वाचकाकडेच तर सांभाळण्याची साधनं नसतात!

आपल्या मराठी नियतकालिकांतही एक ओळ पिढ्यान्‌पिढ्या छापली जाते: लेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही. मतांच्या बाबतीत ही ओळ उदार आहे, लोकशाहीला शोभणारी आहे. पण ‘या काढ्याने मधुमेह जातो’ हे मत नाही. ते खरं असेल किंवा खोटं असेल, सहमतीचा प्रश्नच येत नाही. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने कर्करोग, मधुमेह, लठ्ठपणा यांसारख्या विकारांवर इलाजाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे. मग जाहिरातीत जे चालत नाही, तेच शेजारच्या लेखात लेखकाच्या छायाचित्रासह कसं चालतं? तिथे पहारा संपादकाचा असायला हवा.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, जेवणाखाण्याचंच तर पुस्तक. येल विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहू. शरीरात दूरवर न पसरलेला, म्हणजे बहुधा उपचारांच्या आवाक्यातला कर्करोग असूनही केवळ पर्यायी उपचार घेणारे २८१ रुग्ण त्यांनी तपासले. रूढ उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट होता. असं पुस्तक ज्याच्या हातात पडतं तो नुसता जिज्ञासू वाचक असतोच असं नाही. तो कदाचित नुकताच अहवाल हाती घेऊन घरी आलेला असतो.

दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला, आजारी माणसाकडे कागद मागणं निर्दयपणाचं नाही का? दुःख सांगणाऱ्या मित्राकडे मागाल तर आहे. पण तेच दुःख हजारोंना मार्ग म्हणून विकायला निघालेल्या लेखकाकडे मागणं हे वाचकाबद्दलच्या दयेचंच रूप आहे. दुसरा आक्षेप, आमच्या छोट्या प्रकाशकाला तपासनीस कसा परवडणार? खर्चाची अडचण खरी आहे. पण त्या दोन वार्ताहरांची सुरुवात ‘पैसे मिळाले का’ एवढ्या प्रश्नाने झाली होती, हे विसरू नये.

तेव्हा संपादकाने किमान एवढं करावं. निदानाचा दावा असेल तर लेखकाच्या लेखी संमतीने अहवाल पाहावा किंवा त्याच्या डॉक्टरांशी बोलावं. आहाराबद्दलचा दावा असेल तर ज्याचा त्या विक्रीत हितसंबंध नाही अशा जाणकाराला दाखवावा. चूक निघाली तर जिथे लेख छापला तिथेच, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती छापावी. आणि लेखक पुरावा द्यायला नकार देत असेल तर? पाककृती छापा, बरं होण्याची कथा गाळा. पुस्तक थोडं कमी खपेल. पण ज्या संपादकाला ती कथा गाळल्यावर पुस्तकात काहीच उरत नाही असं वाटतं, त्याने आपण नक्की काय विकतो आहोत हे स्वतःला विचारावं.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.