ज्ञानकोशातील हॅमिल्टन

‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ या इंग्रजी ज्ञानकोशाची १९१०-११ साली निघालेली अकरावी आवृत्ती जुन्या ग्रंथालयांतून अद्याप जपून ठेवलेली दिसते, आणि ते योग्यच आहे. तीतील चरित्रलेख केवळ माहितीसाठी नव्हे, तर वाचनाच्या आनंदासाठीही हाती घ्यावेत असे आहेत. तिच्या बाराव्या खंडातील अलेक्झांडर हॅमिल्टन या अमेरिकन मुत्सद्द्याचे चरित्र या जातीच्या लेखनाचा उत्तम नमुना होय. तथापि ज्या ठामपणामुळे ते उत्तम वठले आहे, त्याच ठामपणात त्याचा दोषही दडलेला आहे.

गुण प्रथम सांगितले पाहिजेत. परस्परांकडे संशयाने पाहणाऱ्या तेरा संस्थानांचे एक राष्ट्र करावयाचे, ही हॅमिल्टनची एकच जिद्द होती. ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतील पंचाऐंशींपैकी बहुसंख्य लेख, १७८९ साली हाती आलेले खजिन्याचे मंत्रिपद, १७९० ची राष्ट्रीय कर्जाची योजना, १७९१ ची राष्ट्रीय पेढी, ही सर्व त्या एका जिद्दीचीच रूपे, हे प्रस्तुत लेखावरून वाचकांच्या ध्यानी सहज येते. सामान्य जनांच्या शहाणपणावर या पुरुषाचा फारसा भरवसा नव्हता, हेही लेखकाने झाकून ठेवलेले नाही. कोशाच्या मोजक्या रकान्यांत एवढे साधणे सोपे नव्हे.

आमची तक्रार आहे ती आरंभीच्या परिच्छेदाविषयी. हॅमिल्टन ११ जानेवारी १७५७ रोजी वेस्ट इंडीजमधील नेव्हिस बेटावर जन्मला, असे तेथे निःशंकपणे सांगितले आहे. लागलीच, तो दोन्हीकडून चांगल्या कुळातला होता, असाही निर्वाळा मिळतो. आपल्याकडील चरित्रकार कुलगोत्र सांगितल्यावाचून पुढे सरत नाहीत म्हणून त्यांस हसणाऱ्यांनी हे स्थळ अवश्य पाहावे. त्यानंतर आई रेचेल हिची हकीकत येते. पहिल्या पतीपाशी ती सुखाने नांदली नाही. त्यास सोडून ती जेम्स हॅमिल्टनबरोबर राहू लागली. १७५९ साली पतीने घटस्फोट मिळविला, पण न्यायालयाने तिला पुनर्विवाहाची बंदी केली. हे सारे लेखक नाक न मुरडता आणि चवीनेही न चघळता सांगतो, याबद्दल त्यास धन्यवाद दिले पाहिजेत. मात्र ‘सुखाने नांदली नाही’ या सौम्य शब्दांआड केवढे दुःख आहे! त्या पतीने तिला सेंट क्रॉय बेटावरील क्रिस्तियानस्टेड येथील किल्ल्यात कैदेत टाकविले होते.

सेंट क्रॉय १९१७ पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होते, आणि तेथील दप्तर डॅनिश भाषेत आहे. १९३० नंतरच्या दशकात त्या दप्तरातून रेचेलच्या मृत्यूनंतरचा, १७६८ सालचा, मालमत्तेसंबंधीचा कागद उजेडात आला. त्यात अलेक्झांडरचे वय तेरा नोंदलेले आहे. कोशाच्या हिशेबाने ते अकरा असावयास हवे. कारकुनाच्या हातून चूक झाली असेल, असे मानून १७५७ लाच चिकटून राहणारे अभ्यासक आजही आहेत; परंतु आम्हांस १७५५ हेच साल अधिक संभवनीय वाटते. कारण १७५७ या सालास मुख्य आधार आहे तो हॅमिल्टनच्या स्वतःच्या सांगण्याचा. शिवाय त्याच प्रकरणात तो व त्याचा भाऊ अनौरस ठरले, आणि आईची तुटपुंजी मालमत्ता तिच्या पहिल्या विवाहाच्या मुलाकडे गेली. तेराव्या वर्षी ज्याचे नाव आणि घर दोन्ही एका सहीने गेले, त्याने परक्या देशात नवे आयुष्य मांडताना जन्मसालही नवे घेतले असेल, तर त्यात नवल ते काय? कोशाने मात्र ते सनदेसारखे छापले.

दोन वर्षांचा फरक तो काय, असे कोणी म्हणेल. पण चरित्राचा पुढील सूर या दोन वर्षांवरच लागला आहे. बाराव्या वर्षी निकोलस क्रूगरच्या पेढीवर नोकरीस लागलेला आणि थोड्याच काळात मालकाच्या गैरहजेरीत तिचा कारभार पाहणारा मुलगा हा चमत्कार वाटतो. तोच दोन वर्षांनी मोठा धरला, तर तो एक अतिशय हुशार, पोटासाठी राबणारा पोरका मुलगा दिसू लागतो. आम्हांस हा दुसरा अधिक आवडतो. आणि ती पेढी तरी कशाची होती? क्रूगरच्या व्यापारात साखरेच्या मळ्यांसाठी आणलेल्या गुलामांची विक्रीही होती. बालपणाच्या त्या सुबक परिच्छेदात याचा उच्चार नाही. पुढे १७८५ साली न्यूयॉर्क येथे गुलामांच्या मुक्ततेसाठी जी मंडळी स्थापन झाली, तिच्या कार्यात हॅमिल्टनने भाग घेतला. ज्याने कोवळ्या वयात हा बाजार हिशेबाच्या वहीतून पाहिला, त्याच्या या कृतीकडे वाचक निराळ्या दृष्टीने पाहील.

कोशकारास सर्वस्वी दोष देणे अन्यायाचे होईल. १९११ साली तो कागद त्याच्यापुढे नव्हता. त्याच्यापुढे जी साधने होती, त्यांतील पुष्कळशी घरच्यांनी जपलेली होती. १२ जुलै १८०४ रोजी, आरन बरशी झालेल्या द्वंद्वयुद्धात लागलेल्या गोळीने, हॅमिल्टनला मृत्यू आला. पत्नी एलिझाबेथ त्यानंतर पन्नास वर्षे, १८५४ पर्यंत जगली आणि पतीचे कागद गोळा करीत राहिली. पुत्राने त्याचे चरित्र लिहिले व लेखसंग्रह संपादिला. एका अर्थाने ही घरचीच बखर, आणि बखरकारास जे सांगितले गेले तेच त्याने लिहिले. खटकते ते एवढेच की, ‘असे तो स्वतः सांगे’ हे चार शब्द लिहावयास जागा होती. ज्यांच्या संग्रही तो बाराव्या खंडाचा ग्रंथ असेल, त्यांनी तूर्त १७५७ या आकड्यापुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह घालून ठेवावे.