झिंगाटच्या फॅन व्हिडिओला पाचपैकी किती?

‘झिंगाट’वर कुणीतरी हौसेनं केलेल्या व्हिडिओखाली ‘एक नंबर भावा’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा तो एक नंबर नक्की कुणाला दिलेला असतो? संगीत अजय-अतुलचं. चित्रपट नागराज मंजुळेंचा, ‘सैराट’, प्रदर्शित झाला २९ एप्रिल २०१६ रोजी. त्याच्या संगीताचा काही भाग तर लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत, सिम्फनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झालेला. थिएटरात लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचले. एवढं भांडवल ज्या गाण्यामागे आधीच उभं आहे ते वाजायला लागलं, की समोर गल्लीतली पोरं नाचत असोत की नुसते फोटो सरकत असोत, पाय हलतोच. आणि पाय हलला की बोट पाच तारे दाबून मोकळं होतं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी या फुटकळ वाटणाऱ्या गोष्टीत डोकं का घालावं? कारण गुण देणं म्हणजे मोजमाप करणं. उद्या तुमच्यातले निम्मे लोक प्रश्नावलीत एक ते पाचची पट्टी वापरणार आहेत, कुणी वर्गनिरीक्षण करून गुण देणार, कुणी दुसऱ्याच्या पेपरचं परीक्षण करणार. तिथे होणाऱ्या सगळ्या चुका इथे उघड्यावर दिसतात. शिवाय इथे खरंच कुणाचं तरी काहीतरी पणाला लागलेलं असतं. रात्र जागून फोनवर कट मारणारा मुलगा तो शेरा दहा वेळा वाचतो.

आमच्याकडे प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोफोटोमीटरवर नमुना लावण्याआधी ‘ब्लँक’ लावतात. नळीत फक्त द्रावक असतो, पदार्थ नसतो. त्याचं वाचन शून्य धरायचं आणि मग नमुना मोजायचा. नाहीतर द्रावकाचं श्रेय पदार्थाला जातं. फॅन व्हिडिओचा ब्लँक काय? तेच गाणं आणि त्यावर चित्रपटाची चार पोस्टरं, एवढंच. ते बघून तुम्हाला जेवढा आनंद होतो तेवढा करणाऱ्याच्या खात्यातून वजा. उरतं ते त्याचं.

आता यात एक गोची आहे. उपकरणात ही वजाबाकी चालते कारण द्रावकाचं आणि पदार्थाचं शोषण एकमेकांत मिळवता येतं. गाणं आणि चित्र यांची अशी बेरीज होत नाही. चांगल्या व्हिडिओत चित्रामुळे गाणं वेगळं ऐकू येतं, आणि कलाकुसर असते ती तिथेच. म्हणून आवाज बंद करून एकदा बघणं ही फक्त तपासणी समजा, गुण त्यावर देऊ नका. आवाज बंद केल्यावर सगळंच कोसळत असेल तर व्हिडिओ गाण्याच्या खांद्यावर बसला होता. आवाज सुरू केल्यावर एखादी साधी हालचाल अचानक अर्थपूर्ण वाटली, तर तिथे करणाऱ्याचं डोकं चाललेलं आहे. तो सेकंद लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, ‘फॅन व्हिडिओ’ हा एक प्रकार नाही. स्वतः नाचून, स्वतः चित्रित करून केलेला एक. दुसरा म्हणजे मूळ चित्रपटाचेच तुकडे कापून वेगळ्या गाण्यावर बसवलेला, ज्याला पोरं नुसतं ‘एडिट’ म्हणतात. हा दुसरा प्रकार जुना आहे. अमेरिकेत कँडी फाँग या बाईंनी १९७५ मध्ये ‘स्टार ट्रेक’च्या स्लाइड गाण्यावर सरकवून दाखवल्या, तिथून त्याची सुरुवात मानतात. १९८२ मध्ये जिम कपोस्तास यांनी दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून एका जपानी ॲनिमेशन मालिकेतली हाणामारीची दृश्यं बीटल्सच्या प्रेमगीतावर बसवली. गंमत विरोधात होती, आणि ती पूर्णपणे त्यांची होती. एकही चित्र त्यांचं नाही, एकही सूर त्यांचा नाही, तरी कृती त्यांची. अशा कामाला ‘यात ओरिजिनल काय आहे?’ हा प्रश्न चुकीच्या जागी विचारलेला आहे. (‘धडक’मध्ये २०१८ साली ‘झिंगाट’ हिंदी शब्द लेवून आलं, तीही अनुकृतीच. फक्त रीतसर हक्क घेऊन केलेली.)

एडिटला गुण कसे द्यायचे ते ‘सैराट’वरच बघू. चित्रपटात ‘झिंगाट’ आर्चीच्या भावाच्या वाढदिवसाला येतं आणि त्याच रात्री आर्ची-परश्या पकडले जातात. शेवट तुम्हाला माहीत आहेच: छोटं मूल, रक्ताची पावलं आणि आवाज अजिबात नाही. आता कुणी या शेवटच्या पावलांवर करुण व्हायोलिन चढवून ‘रडवलंस भावा’ अशा शेकडो प्रतिक्रिया मिळवतो. माझ्या मते हे वाईट एडिट आहे, आणि ‘मला आवडलं नाही’ यापलीकडचं कारण देता येतं. ती शांतता दिग्दर्शकानं प्रेक्षकाला एकटं पाडण्यासाठी ठेवलेली आहे, एडिट करणाऱ्यानं ती भरून टाकली. त्यानं नवं काही दिलं नाही, असलेलं काढून घेतलं. याउलट ‘झिंगाट’च्या नाचातच मध्ये अर्धा-अर्धा सेकंद ती पावलं कुणी पेरली, तर त्याला त्या रात्रीचा अर्थ कळला आहे. एखादा कट तालाच्या मागे पडला तरी मी त्याला वर ठेवीन. तुम्ही ठेवणार नाही कदाचित. पण आपण कशावरून भांडतोय हे आपल्याला माहीत असेल.

आता स्वतः नाचून केलेल्या प्रकाराकडे येऊ. त्यासाठी उदाहरण आमच्या अंबरनाथचं. एका मंडळानं ‘झिंगाट’वर व्हिडिओ मागवून स्पर्धा घेतली होती. पहिला आला तो हॉलमध्ये, रंगीत दिव्यांत, भाड्याच्या कॅमेऱ्यानं काढलेला. आनंदनगर एमआयडीसीतल्या कामगारांचा एक व्हिडिओ मागे पडला, शेरा होता ‘क्लॅरिटी नाही’. गुणपत्रक बघायला मिळालं. प्रत्येकी दहा गुणांचे पाच रकाने: व्हिडिओ क्वालिटी, लाइटिंग, कॅमेरा, नाच, एकूण प्रभाव.

हे पत्रक संशोधन पद्धतीच्या वर्गात दाखवण्यासारखं आहे. पहिले तीन रकाने वेगळे दिसतात, पण तिन्ही एकच गोष्ट मोजतात: सामान भाड्यानं घ्यायला किती पैसे होते. पन्नासातले तीस गुण तिथेच संपले. प्रश्नावलीत एकाच अर्थाचे तीन प्रश्न घालून तीन वेगळे घटक मोजले असं म्हणण्यासारखं आहे हे. पाचवा रकाना त्याहून घातक. एडवर्ड थॉर्नडाइकनं १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे गुण वेगवेगळे द्यायचे होते, पण ते एकमेकांशी नको तितके जुळत होते. माणूस एकूण चांगला वाटला की सगळीकडेच चांगला. यालाच त्यानं हॅलो म्हटलं. ‘एकूण प्रभाव’ हा रकाना म्हणजे त्या हॅलोला दिलेलं आमंत्रण.

विजेत्यांवर अन्याय नको. त्यांच्या नाचात खरी शिस्त होती, बाराच्या बारा जण एका क्षणी वळत होते, आणि हे तालमीशिवाय होत नाही. नाचाच्या रकान्यात त्यांना आठ मिळाले ते योग्यच. माझी तक्रार आहे ती तीस गुणांबद्दल.

एमआयडीसीतला व्हिडिओ दोन शेडच्या मधल्या रस्त्यावर काढलेला. फोन बहुधा ड्रमवर टेकवलेला, कारण चौकट जरा कलती आहे. पाटीवरचं कंपनीचं नाव दिसू नये म्हणून पोतं टाकलेलं. आठ जण, अंगात कामाचे कपडे, पायात सेफ्टी शूज. त्या बुटांत मूळ नाचातल्या उड्या मारणं अवघड, म्हणून त्यांनी उडीच्या जागी पाय आपटणं घेतलंय, आणि आठ जोड्या जाड बुटांचा दणका गाण्याच्या ठेक्याखाली ऐकू येतो. ५२व्या सेकंदाला एक ट्रक मधून जातो. बाकीचे भिंतीला सरकतात, एक जण ट्रकला हात दाखवत वाट करून देतो, तेही तालात, आणि ट्रक गेल्यावर सगळे त्याच ठोक्यावर परत येतात.

इथे लगेच कुणी म्हणेल, पाळी करून दमलेली पोरं, मेहनतीचे गुण द्या. मी देणार नाही. मेहनत पडद्यावर दिसत नाही, ती आपण कल्पनेनं घालतो, आणि मग ज्याची गोष्ट जास्त करुण तो जिंकतो. दयेचे गुण हेही चुकीचं मोजमापच, आणि त्या पोरांचा थोडा अपमानही. मी गुण देतो ते अडचणीतून केलेल्या निवडीला. बुटांमुळे उडी गेली हे दुर्दैव, उडीच्या जागी दणका आणला ही निवड. ही पडद्यावर दिसते, ऐकू येते, दुसऱ्या परीक्षकाला दाखवता येते.

दुसरा परीक्षक कशाला हवा, तर एकट्याचं मत आधीच्या मतांनी रंगलेलं असतं म्हणून. सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ मध्ये १४ हजारांहून अधिक लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकवली. काहींना इतरांच्या डाउनलोडचे आकडे दिसत होते, काहींना नव्हते. आकडे दिसणारे लोक आठ वेगवेगळ्या ‘जगां’त वाटलेले होते. जिथे आकडे दिसत होते तिथे लोकप्रिय गाणी जास्तच लोकप्रिय झाली, आणि कुठलं गाणं वर जाईल हे जगागणिक बदललं. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, टाकाऊ सहसा वर आली नाहीत, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. आपले फॅन व्हिडिओ बहुतेक मधलेच असतात. म्हणून लाइक झाकून ठेवा, आधी गुण लिहा, मग प्रतिक्रिया वाचा.

आणि दोन परीक्षकांचं जुळलं म्हणून हुरळून जाऊ नका. नुसतं आकड्यांचं उदाहरण घेऊ. समजा ५० व्हिडिओ आहेत. दोघांनीही ‘चांगला’ म्हटलं असे ४०, दोघांनीही ‘नाही’ म्हटलं असे २, उरलेल्या ८ वर मतभेद, चार या बाजूनं आणि चार त्या. एकमत ४२ वर, म्हणजे ८४ टक्के. झकास वाटतं. पण प्रत्येकानं ४४ व्हिडिओंना ‘चांगला’ म्हटलंय. इतके उदार दोघेजण डोळे मिटून गुण देत असते तरी योगायोगानं ०.८८ चा वर्ग अधिक ०.१२ चा वर्ग, म्हणजे सुमारे ७९ टक्के जुळलं असतं. जेकब कोहेनचा कप्पा (१९६०) हाच योगायोग बाजूला काढतो: ०.८४ वजा ०.७८८८, भागिले १ वजा ०.७८८८. उत्तर ०.२४. एवढंच खरं एकमत.

सगळ्यांनाच ‘एक नंबर’ म्हणण्याचा तोटा हा असा गणितात दिसतो. यूट्यूबवर पूर्वी पाच तारे होते. बहुतेक लोक पाचच देतात हे कंपनीनं २००९ मध्ये स्वतःच सांगितलं आणि २०१० मध्ये तारे काढून अंगठे आणले. नोव्हेंबर २०२१ पासून खाली वळलेल्या अंगठ्याचा आकडाही बघणाऱ्यांना दिसत नाही. म्हणजे कारणं सांगायचं काम आता पूर्णपणे लिहिलेल्या शेऱ्यावर आलं आहे, आणि आपले शेरे बघितले तर एक हार्ट, दोन आगीच्या ज्वाळा.

तर एमआयडीसीच्या व्हिडिओवर मी लिहिलेला शेरा असा: ‘पाय आपटण्याची कल्पना गाण्याला नवा ठेका देते, ०:१४ पासून ऐका. पहिल्या कडव्यानंतर तीच हालचाल चार वेळा येते, तिथे दुसरं काही सुचायला हवं होतं. डावीकडचे दोघे बराच वेळ चौकटीबाहेर जातात. फोन दोन हात मागे ठेवला असता तर काम झालं असतं, त्याला पैसे लागत नाहीत. ०:५२ चा ट्रक हा व्हिडिओचा सर्वांत चांगला क्षण. पाचपैकी साडेतीन.’

माझ्या एका मित्रानं लाइक न बघता, माझा शेरा न वाचता अडीच दिले. त्याचं म्हणणं, ट्रक आला तेव्हा थांबून पुन्हा घ्यायला हवं होतं. योगायोगानं जे घडलं त्याचे गुण नाचणाऱ्यांना कसे द्यायचे? मी म्हटलं, ट्रक योगायोगानं आला, पण परत त्याच ठोक्यावर येणं योगायोग नाही. मग त्यानं ५२ ते ५९ सेकंद पाच-सहा वेळा पुढे-मागे करून पाहिले, आणि दाखवून दिलं की मागच्या रांगेतले तिघे अर्धा ठोका उशिरा येतात. ते खरं आहे. मी तीन केले, त्यानंही तीन केले, आणि हात दाखवणाऱ्या त्या एकावरून आमचं अजून चालू आहे.