पोशाख आणि माणूस : चित्रकार धुरंधरांच्या कलेविषयी

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांचे नाव बहुधा शिवराज्याभिषेकाच्या चित्रामुळे घेतले जाते. परंतु कोल्हापुरात जन्मलेल्या आणि १८९० साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झालेल्या या कलावंताचा कुंचला किती वाटांनी फिरला, हे पाहून मन थक्क होते. पौराणिक चित्रे, व्यक्तिचित्रे, नवी दिल्लीच्या सचिवालयातील भित्तिचित्रे, ग्रंथांतील चित्रे आणि टपालाने घरोघर जाणारी पोस्टकार्डेसुद्धा! त्याच कलाशाळेत त्यांनी पुढे अध्यापनही केले. तेथील आठवणी त्यांच्या ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ (१९४०) या आत्मचरित्रात आहेत.

या विविधतेतून एक धागा सलग जातो, तो स्त्रीच्या पोशाखाचा. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या फॅशन-मासिकांसाठी ज्यूल दाव्हीदसारखे चित्रकार रंगीत चित्रे काढीत. तेथे बदले तो झगा; चेहरा बहुधा तोच. धुरंधरांनी ओटो रॉथफील्ड या सनदी अधिकाऱ्याच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या ग्रंथासाठी चित्रे काढली, तेव्हा त्यांच्यापुढे असाच मोह होता. ही अमुक जातीची, ती तमुक प्रांताची, असे तेथे स्त्रियांचे वर्गीकरण आहे. लुगड्याचा काचा, पदराचा घोळ, दागिन्यांची घडण यांत त्यांची नजर सहसा चुकत नाही. तरीही काही पानांवर पोशाख बोलतो आणि स्त्री मुकी राहते, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. चित्राखाली समाजाचे नाव आहे, तिचे स्वतःचे नाव नाही.

याउलट एडवर्ड्स यांच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ (१९१२) या पुस्तकातील मुंबईच्या रस्त्यांवरची माणसे किंवा त्यांनी रंगविलेले घरगुती विवाहविधी पाहावेत. तेथे स्त्री नमुना म्हणून उभी नसते. ती कामात, गर्दीत, नात्यांत वावरते. लुगडे तेच, पण आता ते कुणाचे तरी आहे. माझ्या मते धुरंधरांची खरी थोरवी येथे आहे.

हा प्रश्न केवळ कलेचा नाही. आपल्या वसई परिसरात नाताळच्या कार्यक्रमात मुली लाल लुगडे नेसून रंगमंचावर येतात, टाळ्या पडतात, छायाचित्रे निघतात. परंपरा जपली जाते याचा आनंदच आहे. पण तेच लुगडे आयुष्यभर नेसलेली आजी घरी एकटी बसलेली असेल आणि तिच्याशी दोन शब्द बोलायला कुणाला सवड नसेल, तर आपण तिचे चित्र तेवढे जपले, तिला नव्हे.

परमेश्वराने माणसाला आपल्या प्रतिमेप्रमाणे निर्माण केले, असे आपण मानतो. ती प्रतिमा वस्त्रात नसते, वस्त्र नेसणाऱ्या माणसात असते. धुरंधरांची चित्रे अवश्य पाहावीत. आणि पाहून झाल्यावर घरातल्या आजीजवळ बसून तिचे लुगडे कुणी घेतले, कोणत्या सणाला घेतले, हे तिला विचारावे.

— एक धर्मगुरू, चिंचोटी