बोळ आणि बूम बॅरियर

जेन जेकब्ज यांचं ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ (१९६१) हे पुस्तक शहरांबद्दल बोलणारे लोक पोथीसारखं वापरतात: हवा तेवढा अध्याय काढायचा. लाडका अध्याय नववा, लहान ब्लॉक्सचा. त्यात मॅनहॅटनच्या वेस्ट ८८व्या रस्त्यावर राहणारा एक माणूस आहे. त्याचा ब्लॉक ८०० फूट लांब, मधे आडवी वाट नाही. त्यामुळे शेजारच्या ८७व्या नि ८९व्या रस्त्यावर त्याचं पाऊलही फारसं पडत नाही. मधून एक रस्ता काढा, माणसांना वाटा बदलता येतील, दुकानं चालतील, असं जेकब्ज सांगतात.

पुण्याच्या पेठांत हे लगेच पटतं. कसबा पेठेतले कितीतरी वाडे जाऊन इमारती आल्या, बोळ मात्र बरेचसे तिथेच आहेत. घर पडतं, रस्ता सहसा हलत नाही. बाणेर-वाकडला नेमकं हेच भोवणार आहे. तिथली शेतं तुकड्यातुकड्यांनी विकली गेली आणि ज्याने त्याने आपल्या गेटपुरता रस्ता केला. विकास आराखड्यातला जोडरस्ता अनेकदा भूसंपादनात अडकलेला. मग खिडकीतून दिसणाऱ्या शाळेत जायलाही मुख्य रस्त्याचा वळसा, म्हणून स्कूटर. आणि सगळ्यांच्या स्कूटरी एकाच चौकात.

पण इथे नववा अध्याय तोकडा पडतो. रस्ता आहे म्हणजे तो सर्वांचा, असं त्यात गृहीत आहे. आपल्या सोसायट्यांत गुळगुळीत रस्ते असतातच, फक्त तोंडाशी बूम बॅरियर आणि वही घेऊन बसलेला वॉचमन असतो. नकाशात रेघ दिसते, पायांना मिळत नाही.

खरं तर अस्सल पुणेरी मजकूर दुसऱ्या अध्यायात आहे. कुंपण घातलेल्या वसाहतींची तुलना जेकब्ज तिथे चक्क टोळ्यांच्या हद्दींशी करतात. हा भाग कुणी फारसा फॉरवर्ड करत नाही, कारण त्यात आपणच सापडतो. माझं भांडण पुढे आहे. त्यांच्याकडे कुंपण येतं ते रस्ता असुरक्षित झाल्यावर, भीतीपोटी. आपल्याकडे रस्ता जन्मण्याआधीच भिंत उभी राहते आणि ब्रोशरमध्ये सुविधा म्हणून छापली जाते. आधी शहर जगून मग त्याला घाबरण्याइतकाही वेळ आपण घेतलेला नाही.

या भिंतीचा भुर्दंड पडतो तो लागूनच्या दोन सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या मावशींना. मागचं गेट असतं, पण कुलूपबंद. पुढच्या जनरल बॉडीत हा विषय काढून बघा.