पदं आली, नाटक राहून गेलं

भाद्रपदात आमच्या बालाघाटात दोन सण एकमेकांना चिकटून येतात. चतुर्थीला गणपती बसतो आणि पंचमीला आम्हां दिगंबरांचं दशलक्षण पर्व सुरू होतं. दोन्हींची सांगता अनंत चतुर्दशीला. मग संध्याकाळी मंदिरात जायचं की मांडवात, यावरून घरोघरी रोज खल. गेल्या वर्षी एका संध्याकाळी आरती आटोपून मी सुनेला घेऊन एका मंडळाच्या मांडवात गेले. नाट्यसंगीताचा कार्यक्रम होता. सून जबलपूरकडची. मराठी तिला कळतं, पण धावत्या गाडीतून स्टेशनांच्या पाट्या वाचाव्यात तसं, एक दिसली तर दोन सुटतात.

गायक मंडळी सीमेपलीकडून आली होती. गळे खरंच तयार. ऑर्गन होता, तबला होता, मधेमधे विनोद सांगणारा निवेदक होता. दोन तासांत ‘शाकुंतल’पासून ‘कट्यार’पर्यंत चौदा-पंधरा पदं झाली. सहाव्या-सातव्या पदाला सूनबाईंनी कानाशी लागून विचारलं, "मम्मीजी, ये गा कौन रहा है?" मी म्हटलं, तो निळ्या कुर्त्यातला. ती म्हणाली, "वो तो दिख रहा है. कहानी में कौन गा रहा है?"

मला पटकन सांगता आलं नाही, बायांनो. लहानपणापासून ते पद ऐकते आहे, पाठ आहे, आणि ते कुणाच्या तोंडचं आहे हे आठवायला मला अर्धा मिनिट लागला. तोवर पुढचं पद सुरू झालं होतं. मागच्या खुर्च्यांवरची हिंदी बोलणारी शेजारीण मंडळी एकेक करून उठली. "आवाज अच्छी है," असं सगळ्याच म्हणाल्या. थांबली मात्र एकही नाही.

आता यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं. ‘त्यांना भाषा कळत नाही, शास्त्रीय गाणं कळत नाही, काय करणार?’ मला हे पटत नाही. संगीत नाटक जन्मलंच मुळी अनेक भाषांच्या सरमिसळीत. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव-धारवाड भागातले, कानडी कानात घेऊन वाढलेले. पारशी मंडळींचे संगीत खेळ पाहून त्यांनी 1880 साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं. त्या पारशी रंगभूमीवर छाप होती ती लखनौच्या अमानतच्या ‘इंदरसभा’ची, म्हणजे उर्दूची. अण्णासाहेबांनी चाली घेतल्या त्या लावणीच्या, कीर्तनातल्या साकी-दिंडीच्या, कर्नाटकी पदांच्या. ज्याला आपण आज ‘आपलं शुद्ध मराठी वैभव’ म्हणून शाल पांघरून बसवतो, ते असं चार दारांतून आलेलं आहे. मग आमच्या जबलपूरच्या सुनेला ते परकं का वाटावं?

परकं वाटलं, कारण तिला पद मिळालं, नाटक मिळालं नाही.

‘सौभद्र’च घ्या. 1882 चं नाटक. बलरामदादांनी बहिणीचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, तिचं मन अर्जुनावर आहे, आणि अर्जुन संन्यासी होऊन त्यांच्याच घरात पाहुणा म्हणून येऊन राहतो. बलराम त्याच्या पाया पडतो! कृष्णाला सगळं ठाऊक, पण तो साळसूद. यात न कळण्यासारखं काय आहे? घरच्यांनी ठरवलेलं स्थळ आणि मनातलं दुसरंच, हे आपल्यापैकी कितीजणींना शिकवावं लागेल? ती गोष्ट माहीत असली की सुभद्रेचं पद ऐकताना राग ओळखता आला नाही तरी चालतं. आपण तिच्यासाठी थांबतो. गोष्ट काढून घेतली की उरतो नुसता राग, आणि रागासाठी थांबायला कान तयार लागतो.

इकडे युरोपात ऑपेरा आधी राजवाड्यातल्या लग्नसमारंभांत गायचे. 1637 साली व्हेनिसमध्ये सान कास्सियानो नावाचं थिएटर कार्निव्हलच्या दिवसांत उघडलं आणि तिकीट काढील त्याला ऑपेरा पाहता येऊ लागला. म्हणजे शहराच्या उत्सवाने तो लोकांत आणला. उत्सव वाईट नाही, हेच मला सांगायचंय. पण व्हेनिसवाल्यांनी लोकांपुढे आख्खं नाटक ठेवलं, निवडक चौदा गाणी नव्हेत. आणि भाषेची अडचण? 1983 मध्ये टोरांटोच्या ऑपेरा कंपनीने रंगमंचाच्या वर पडद्यावर शब्दांचं भाषांतर दाखवायला सुरुवात केली. जुन्या दर्दी लोकांनी नाकं मुरडली. आज जगभर तो पडदा असतो. आमच्या मंडळांकडे क्रिकेटच्या मॅचसाठी प्रोजेक्टर आहेच की. त्यावर हिंदीत चार ओळी आल्या तर बालगंधर्वांचा अपमान होणार नाही.

बालगंधर्वांचं नाव निघालं म्हणून एक बोलून टाकते, रागावू नका. नाटक बाजूला सारून पद मोठं करायची सवय आजची नाही. ‘मानापमान’, ‘स्वयंवर’च्या काळातच ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’ व्हायचे, रुक्मिणी तीच ओळ घोळवत उभी आणि कृष्ण आपला ताटकळत. ऐकणाऱ्यांना ते सुख होतं, कबूल. पण पुढे नाटक मेलं आणि मैफल उरली, त्याचं बी तिथेच पडलं असं मला वाटतं. उलट 1967 चं दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ पाहा. नागपूरचा माणूस, आपल्या बाजूचा. अभिषेकीबुवांचं संगीत, वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब. तिथे गाणं हाच भांडणाचा विषय आहे, त्यामुळे गाणं उपटून बाजूला ठेवताच येत नाही. 2015 ला त्याचा सिनेमा आला तेव्हा माझ्या सुनेने तो पाहिला होता आणि ती रडलीही होती. त्याच मुलीला मांडवात त्याच नाटकाचं पद ऐकून काही झालं नाही. यापेक्षा वेगळा पुरावा मला नको.

आणि लांब कशाला जायचं? वैनगंगेच्या दोन्ही काठांना दिवाळीनंतर मंडई भरते. पलीकडे गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत मंडईला नाहीतर शंकरपटाला झाडीपट्टीचं नाटक लागतं. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव जातात, रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. दारू, हुंडा, भाऊबंदकी असे विषय, आणि त्यात गाणी. माझी नणंद पलीकडे दिली आहे, तिच्याकडे मी हे पाहिलंय. थंडीत बायका घोंगड्या, गोधड्या घेऊन बसतात. नायिका गायला लागली की कुणी उठत नाही, कारण आता सासू आत येणार हे सगळ्यांना माहीत असतं. तिथे सगळं सोन्यासारखं आहे असं नाही. मधेच घुसवलेले नाच मला खटकतात, रडारडही फार. शहरी समीक्षकांनी कित्येक वर्षं तिकडे पाहिलं नाही. 2023 ला परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांना झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा वाचायला मिळाला असेल. संगीत नाटकाला नवा प्रेक्षक कसा मिळवायचा यावर पुण्या-मुंबईत परिसंवाद होतात. इथे तो प्रेक्षक गोधडी पांघरून बसलेलाच आहे.

दुसऱ्यांना बोलणं सोपं. आता स्वतःचं सांगते. आमच्या महिला मंडळाने दशलक्षणात नेमि-राजुलचं संगीत नाटक बसवलं होतं. भजनं छान बसली होती. वेळ कमी पडतोय म्हणून कात्री मीच लावली. नेमिकुमार वरातीतून परत फिरतात, कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून. त्यानंतर नटूनथटून बसलेल्या राजुलला ही बातमी कळते, तो प्रसंग मी काढला. संवादच आहे, गाणं नाही, म्हणून. मग राजुल एकदम विरहाचं भजन गाऊ लागली. म्हणणारी सुरेल होती, टाळ्या पडल्या. एका आजींनी नंतर विचारलं, "तिला सांगितलं कुणी?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. त्या आजींनी आणि माझ्या सुनेने एकच प्रश्न विचारला होता, हे माझ्या ध्यानात मांडवात बसल्यावर आलं.

या वर्षी तो प्रसंग परत घातलाय. बारा मिनिटं वाढतात. साडेनऊला हॉल रिकामा करायचा आहे, असं अध्यक्षबाईंनी दोनदा सांगून झालंय, म्हणून दोन भजनं कमी केली. त्यावरून गाणाऱ्या दोघी माझ्याशी बोलत नाहीत. राजुल सूनबाई करते आहे. संवाद मराठीतच ठेवलेत, तिचाच हट्ट. रोज दुपारी स्वयंपाकघरात तालीम चालते. आता फक्त ‘ळ’ तेवढा जमायचा राहिलाय.