शिष्यवृत्ति आणि शिष्यत्व

गवयांच्या चरित्रांत गुरुकृपा पानोपानीं भेटते. पैशाचा हिशेब मात्र क्वचितच सांपडतो. मॅरियन अँडरसन या कृष्णवर्णी अमेरिकन गायिकेचें ‘माय लॉर्ड, व्हॉट अ मॉर्निंग’ हें १९५६ सालीं प्रसिद्ध झालेलें आत्मचरित्र आम्हांस विशेष वाटतें तें या कारणानें. फिलाडेल्फियांतील एका संगीतशाळेनें केवळ वर्णावरून तिला परत पाठविलें, हा प्रसंग ती आवाज न चढवितां सांगते. पुढील कथन त्याहून मोलाचें आहे. चर्चमधील शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं तिच्यासाठीं पैसे उभे केले, जुझेप्पे बोगेत्ति या शिक्षकानें तिला पदरीं घेतलें, आणि कांहीं वर्षांनीं रोझेनवाल्ड निधीच्या शिष्यवृत्तीवर ती बर्लिनला गेली. कोणी काय दिलें आणि कोणापाशीं काय शिकलों, हें ती ऋणको माणसाच्या प्रामाणिकपणानें नोंदविते.

मात्र हा सोशिकपणा कधीं कधीं ग्रंथास बाधकही होतो. १९३९ सालीं वॉशिंग्टनमधील कॉन्स्टिट्यूशन हॉल तिला नाकारण्यांत आला आणि लिंकन स्मारकापुढें तिनें सुमारें ७५ हजार श्रोत्यांसमोर गायन केलें. त्या प्रकरणाविषयीं ती इतकी जपून लिहिते कीं वाचकच तिच्या वतीनें संतापतो.

कोल्हापुरांत बसून हें पुस्तक वाचतांना मन परक्या देशांत फार वेळ रहात नाहीं. शाहू महाराजांनीं १९०१ पासून वसतिगृहांना आश्रय दिला. १९०२ सालीं संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठीं शेंकडा ५० जागा राखल्या. त्यांच्याच दरबारीं अल्लादियाखाँ गात होते. कचेरींतील जागा हुकुमानें राखतां येते. तालमींतील जागा कशी राखावी? (कोल्हापुरांत तालीम म्हटलें कीं आधीं कुस्ती आठवते, हें आम्ही जाणतों!)

गोव्यांतील कुर्डी गांवच्या, कलावंत समाजांत जन्मलेल्या मोगूबाईंचीच कथा पहा. सांगलींत अल्लादियाखाँनीं त्यांचा आवाज ऐकला आणि आपण होऊन शिकविण्यास आरंभ केला. पुढें ती तालीम तुटली. खाँसाहेबांचे बंधु हैदरखाँ शिकवूं लागले, तीही तुटली. १९३४ सालीं गंडा बांधला गेला तेव्हां कोठें त्यांचें शिष्यत्व पक्कें झालें. आमचे लेखक या साऱ्यास तपश्चर्या म्हणतात आणि पान उलटतात. दोन तालमींच्या मधल्या वर्षांत त्या बाईनें चूल कशी पेटविली, कोणाचें दार ठोठावलें, कोणीं तें लावून घेतलें, हें विचारणें जणुं अरसिकपणाचें! अँडरसनबाईंचा ग्रंथ नेमकें तेंच सांगतो, आणि तेवढ्यानें त्यांच्या कलेस कमीपणा आलेला नाहीं. उलट, स्वतःस मिळालेल्या १० हजार डॉलरांच्या पारितोषिकांतून त्यांनीं तरुण गायकांसाठीं पुरस्कार ठेवला; कॅमिला विल्यम्स हिला तो आरंभींच लाभला.

आमच्या महाविद्यालयांत कांहीं वर्षांपूर्वीं हलगी वाजविणाऱ्या घरांतील एक मुलगा संगीत शिकावयास आला. त्याच्या कानाविषयीं कोणासच शंका नव्हती. त्याला सरकारी शिष्यवृत्ति होती. ती उशिरां येई, पण येई. इतर मुलें सायंकाळीं आपल्या शिक्षकांच्या घरीं तंबोऱ्याशीं बसत, चहा घेत, बंदिशी उतरून घेत. यास कोणीं जा म्हटलें नाहीं आणि ये असेंही म्हटलें नाहीं. वर्गांतील पाऊण तास हीच त्याची तालीम. तीन वर्षांनीं तो पदवीधर झाला. सध्यां लग्नसराईंत तो बँडबरोबर असतो. रस्त्यांत भेटला तर वाकून नमस्कार करतो. शिक्षकांच्या त्या सायंकाळच्या बैठकींत आम्हीही पुष्कळदां ऐकावयास जात असूं. हा मुलगा येथें कां नाहीं, असें आम्हीं एकदांही विचारलें नाहीं.